प्रगतिपुस्तकाचं मागचं पान

प्रगतिपुस्तकाच्या मागच्या पानावर दोन चौकटी असतात. एक उंचीची, एक वजनाची. शाळा सुरू झाली की एकदा आणि दिवाळीची सुट्टी संपली की एकदा त्या भरायच्या. इतकी वर्षं पाचवीला शिकवतेय, पण त्या आकड्यांवर बोट ठेवून ‘बाई, हे काय?’ असं विचारणारा पालक मला अजून भेटायचाय. गणितातले दोन मार्क कुठे गेले यावर पालकसभेत अर्धा अर्धा तास हुज्जत चालते. वजनाखाली मात्र मुकाट सही होऊन पुस्तक परत येतं.

वजनाचा तास म्हणजे वर्गात जत्राच असते. काटा ऑफिसातून आणायचा, बूट काढायला लावायचे, खिशातल्या गोट्या नि शार्पनर टेबलावर ठेवायला सांगायचे. बारकी पोरं काट्यावर उगाच पाय आपटतात, आकडा जरा वर सरकेल म्हणून. आणि एखादा असतो, त्याला नेमकी तेव्हाच तहान लागते. तो परत येईपर्यंत रांग संपत आलेली असते, तरी मागून कुणीतरी ओरडतंच, “बाई, काटा सांभाळा!” पूर्वी असा एखादाच असायचा आणि त्याचं आडनाव विसरलं तरी टोपणनाव अख्ख्या शाळेला पाठ असायचं. आता तुकडीत पाच-सहा तरी निघतात. म्हणून हल्ली मी काटा व्हरांड्यात ठेवते आणि एकेकाला बाहेर बोलावते.

आमची शाळा पैसेवाल्यांची नाही. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातली अनुदानित मराठी शाळा. कुणाचे वडील कंपनीत कंत्राटावर, कुणाचे रिक्षावर. आया पोळ्या लाटायला जातात, घरी बसून फॉल-पिको करतात. ‘लठ्ठपणा म्हणजे श्रीमंतांच्या लाडावलेल्या पोरांचं दुखणं’ हे वाक्य स्टाफरूममध्ये मी अजूनही ऐकते. माझ्या वर्गात खिडकीकडच्या बाकावर २३ किलोची एक आणि ५२ किलोची एक अशा दोघी मैत्रिणी शेजारी बसतात. दोघींचे वडील एकाच स्टँडवर रिक्षा लावतात.

राज्याची आकडेवारीही या बाकासारखीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली आणि ३६ टक्के कमी वजनाची. त्याच पाहणीत जास्त वजनाची मुलं ४.१ टक्के होती. आधीच्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, ती १.९ टक्के होती. चार टक्के म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण पाच वर्षांखालचं हे चित्र शाळेत येईपर्यंत बदलत जातं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२४ मध्ये छापलेल्या जागतिक अभ्यासात भारतातल्या ५ ते १९ वयाच्या लठ्ठ मुलांचा हिशेब दिलाय: १९९० मध्ये सुमारे ४ लाख, २०२२ मध्ये सव्वा कोटी. २०२५ च्या सप्टेंबरात युनिसेफने सांगितलं की जगात शाळकरी वयाच्या मुलांत पहिल्यांदाच लठ्ठ मुलांचं प्रमाण (९.४ टक्के) कमी वजनाच्या मुलांपेक्षा (९.२ टक्के) वर गेलं. दक्षिण आशिया आणि सहारा वाळवंटाखालची आफ्रिका एवढेच भाग त्याला अपवाद. इथे हडकुळी मुलं अजून जास्त आहेत. म्हणजे आपली पहिली साथ अजून आटोक्यात यायचीय आणि दुसरी दारात उभी आहे.

मला वाटतं, या दोन साथी वेगळ्या नाहीतच. पण ते मला आकड्यांतून कळलं नाही. कळलं ते एका मुलाच्या मानेवरून.

फळ्यावरचं उतरवून घेताना तो मान खाली घालून बसला होता. मी बाकांमधून फिरत होते. कॉलरच्या वर काळपट पट्टा दिसला, जाडसर, बारीक सुरकुत्या पडलेला, आणि त्यावर लालसर ओरखडे. कुणी मारलं की काय, अशी शंका आधी येते. त्याला हळूच विचारलं तर म्हणाला, “आई वज्रीने घासते. निघतच नाही.”

घरात सगळ्यांचा समज असा की पोरगा नीट अंघोळ करत नाही. लिंबाची फोड चोळून झाली, डाळीचं पीठ-हळद झाली, मग टाचा घासायची वज्री मानेपर्यंत आली. आणि ही एकट्या त्याची गोष्ट नाही. त्यानंतर मी माना बघायला लागले आणि मला त्या दिसायला लागल्या. काही पोरी तर वेण्या मुद्दाम मानेवर ओढून घेतात.

तो मळ नसतो. डॉक्टर त्याला अॅकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. रक्तात वाढलेलं हे इन्सुलिन कातडीच्या पेशींनाही वाढायला लावतं. म्हणून मान, काखा, जांघा अशा जागी कातडी जाड आणि काळी होते. प्रत्येक काळ्या मानेमागे हेच असतं असं नाही. पण वजन जास्त आणि मान अशी, तर मुलाला डॉक्टरांकडे न्यायला हवं. रक्तातली साखर वाढायच्या कितीतरी आधी शरीराने मानेवर नोटीस डकवलेली असते आणि आपण ती साबणाने धुवत बसतो.

मुलाच्या आईला बोलावलं. ती चोरासारखी आली. हातात वहीचं फाडलेलं पान, त्यावर पोराला दिवसभरात काय काय खायला देते त्याची यादी. मी मागितली नव्हती. “मॅडम, बाहेरचं फारसं काही आणत नाही हो आम्ही,” हे तिचं पहिलं वाक्य. यादी प्रामाणिक होती. सकाळी दुधात पावडर, दोन चमचे साखर, सोबत बिस्किटं. डब्यात तूप-साखरेची पोळी गुंडाळून, कारण भाजी तशीच परत येते. शाळेत पोषण आहाराची खिचडी. क्लासला जाताना नूडल्स. संध्याकाळी ‘काहीतरी’. रात्री आजी भरवते.

आजीही सोबत आली होती. करमाळ्याकडची. तिने यादीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, “बाई, लेकरू लई बारकं होतं वो जन्मलं तवा. दोन किलोचं. काचंत ठिवलं होतं पंधरा दिस. कसं वाढवलंय ते माझं मला ठावं.”

दोन किलोचं बाळ दहाव्या वर्षी ५० किलोचं, यात विसंगती आहे असं मला तेव्हा वाटलं. मग वाचत गेले. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी नेमका हाच गुंता आयुष्यभर उलगडलाय. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मत: सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं सगळ्या बाजूंनी लहान होती: स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. एकच गोष्ट त्या मानाने कमी नव्हती, कातडीखालची चरबी. पाठीवर खांद्याच्या हाडाखाली चिमटा घेऊन मोजली तर ती जवळजवळ गोऱ्या बाळांइतकीच. वरून काडी, आतून लोणी.

याचा मोठेपणी काय अर्थ होतो, त्याचं एक गमतीदार उदाहरण २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच छापून आलं होतं. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काट्यावर दोघेही फिट.

पोटातल्या गर्भाला अन्न कमी पडलं की तो काटकसर करतो. मेंदू वाचवतो, चरबी साठवतो आणि स्नायूंवर पाणी सोडतो. बाहेरही असंच दुर्भिक्ष असेल, अशी तयारी करून तो येतो. बाहेर दुर्भिक्ष असतं तर ही तयारी कामाला आली असती. पण बाहेर असतात पाच रुपयांची पाकिटं, लिफ्ट, मोबाइल आणि प्रेमाने भरवणारी आजी. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी रसद तोडल्यावर जी उपासमार झाली, तिथेही हेच दिसलं. गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात ज्यांच्या आयांची उपासमार झाली, ती मुलं एकोणिसाव्या वर्षी लष्करी तपासणीला आली तेव्हा त्यांच्यात लठ्ठपणा जास्त निघाला. आपल्याकडे त्यासाठी वेढा पडावा लागत नाही. पुण्याच्या त्याच अभ्यासात दिसलं की पालेभाज्या, फळं आणि दूध ज्या बायकांना बऱ्यापैकी मिळत होतं त्यांची बाळं मोठी होती, आणि ज्यांच्या डोक्यावर पाण्याचे हंडे नि शेतातली अंगमेहनत जास्त, त्यांची लहान. घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी सून हे आपलं जुनं, शांत, वर्षानुवर्षं चाललेलं दुर्भिक्ष आहे. तिच्या पोटातून आलेल्या पोराच्या लठ्ठपणावर आपण वेफर्सच्या पाकिटापासून बोलायला सुरुवात करतो, ते दहा वर्षं उशिरा असतं.

आणि आजी? बहात्तरच्या दुष्काळात ती दहा-बारा वर्षांची होती, म्हणजे आता नातू आहे तेवढीच. आईबरोबर खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी. “थापाया गेलं की भाकरी फुटायची. तरी खायचं,” म्हणाली. तिच्या धाकट्या भावाचं काय झालं ते तिने अर्ध्यात सोडलं आणि मीही विचारलं नाही. जिने त्या वयात रिकामं डालगं बघितलंय, तिला भरल्या गालांत देव दिसणारच. तिला ‘आजी, लाडाने पोराचं वाटोळं करताय’ असं सांगणाऱ्याने आधी एक पाटी खडी फोडून दाखवावी.

गंमत म्हणजे निसर्गही अशा आजीला चकवतो. मूल जन्मल्यापासून वर्षभर गुबगुबीत होत जातं, मग चालायला लागलं की हळूहळू सुटतं. पाच-सहा वर्षांच्या सुमाराला ते सगळ्यात सडपातळ असतं. बरगड्या दिसतात, चड्डी कमरेवर टिकत नाही. हे ठरल्याप्रमाणे चाललेलं असतं. त्यानंतर अंगावर पुन्हा मांस धरायला लागतं. हा परतीचा चढ जितका लवकर, म्हणजे चौथ्या-पाचव्या वर्षाआधीच सुरू होईल, तितकी पुढे लठ्ठपणाची शक्यता जास्त, हे बालरोगतज्ज्ञांना १९८० च्या दशकापासून माहीत आहे. आणि आपल्या घरांत नेमका तेव्हाच गोंधळ उडतो. बालवाडीत जाणारं पोर ‘वाळलं’ म्हणून टॉनिक येतं, भूक वाढायचं औषध येतं, दुधात टाकायची पावडर येते, मोबाइल दाखवून घास कोंबणं सुरू होतं. शेजारीणही विचारते, “घरात काही देता का नाही त्याला?” हा प्रश्न कुठल्याही सुनेला झोपू देत नाही. जी काही वर्षं पोराला बारीक राहू द्यायची, तीच आपण त्याला भरण्यात घालवतो.

बाजाराला हे सगळं पक्कं ठाऊक आहे. जाहिरातीतली आई नेहमी काळजीत असते आणि तिची काळजी डब्यात भरून मिळते. अशा पेयांना ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली ठेवू नका, असं केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना २०२४ च्या एप्रिलमध्ये बजावलं. सदर गेलं, डबा फळीवरच आहे. पाच आणि दहा रुपयांच्या पाकिटांनी तर गरिबाच्या पोराला पहिल्यांदा श्रीमंताच्या पोराच्या पंगतीला बसवलं. ती पंगत तेवढ्या पैशांत मिळते, याचा आनंद मी समजू शकते. माझ्या वर्गातल्या मुलांना सफरचंद कधी मिळतं? कुणी आजारी पडलं तर. एका सफरचंदाच्या पैशात चार-पाच चकचकीत पाकिटं येतात.

ही पाकिटं एवढी खाल्ली का जातात, याचं उत्तर ‘जिभेचे चोचले’ इतकंच नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१९ मध्ये छापलेल्या एका अभ्यासासाठी २० धडधाकट प्रौढांना महिनाभर ठेवून घेतलं होतं. दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रियायुक्त खाणं, दोन आठवडे साधं घरगुती पद्धतीचं. दोन्हीकडे ताटात वाढलेली साखर, स्निग्ध पदार्थ, मीठ, तंतू सारखेच. पाहिजे तेवढं खा, अशी मुभा. कारखान्यातल्या खाण्यावर लोक रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेले आणि वजनही वाढलं. ती प्रौढ माणसं होती. माझ्या वर्गातली पोरं दहा वर्षांची आहेत.

खेळाचं तर बोलायलाच नको. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी एक तास घाम येईल असं हालावं. आमच्या वेळापत्रकात पीटीचे तास आहेत. शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ आली की ते गणिताला जातात, आणि ती परीक्षा कायमच जवळ आलेली असते. शाळेचं मैदान निम्मं पार्किंगला गेलंय. सोसायटीत ‘येथे खेळू नये’ अशी पाटी आहे आणि रस्त्यावर टँकर आहेत. मुलींना सहावीनंतर खाली पाठवत नाहीत, त्याचं कारण आपण सगळे जाणतो. मग ‘हल्लीची पोरं खेळतच नाहीत’ असं आपण कट्ट्यावर बसून म्हणतो.

परिणामांची यादी डॉक्टर देतील: पोराच्या यकृतात चरबी, रक्तदाब, विशीच्या आत येणारा टाइप टू मधुमेह, दुखणारे गुडघे, कमरेच्या सांध्याजवळ मांडीच्या हाडाची टोपी सरकणं. माझ्यासमोर येतं ते जरा वेगळ्या वेशात. पहिल्या तासाला डुलक्या काढणाऱ्या पोराला आम्ही आळशी ठरवतो; ते रात्री घोरतं, घोरताना श्वास अडकून त्याची झोप मोडते, हे घरात विनोदाने सांगितलं जातं. “बापावर गेलंय!” काही मुली चौथीतच न्हात्या होतात. वजन जास्त असलं की पाळी लवकर येते हे आता पुष्कळ ठिकाणी दिसलंय. ती मुलगी मनाने अजून भातुकलीत असते आणि मधल्या सुट्टीत बाथरूमच्या दाराशी रडत उभी असते. आणि उंचीचा एक फसवा भाग आहे. लठ्ठ मुलं दहाव्या-अकराव्या वर्षी बहुतेकदा बरोबरीच्यांपेक्षा उंच असतात. आईबाप खूश: “अंग आहे तशी उंचीही आहे की!” पण त्यांची हाडं वयाच्या पुढे पळत असतात, इतर पोरं वाढत राहतात तेव्हा ही थांबतात. मागच्या बाकावर बसणारा पोरगा दहावीला निरोप समारंभाच्या फोटोत पुढच्या रांगेत असतो.

पण सगळ्यात खोल जातं ते तिसरंच काही. वर्षभरात अशा मुलाची शाळेला फक्त दोनदा गरज लागते. एकदा क्रीडा सप्ताहात, रस्सीखेचीला. त्याला सगळ्यात मागे उभं करायचं, दोर कमरेभोवती गुंडाळायचा आणि सांगायचं, ‘तू फक्त उभा राहा.’ दुसऱ्यांदा स्नेहसंमेलनात, कुंभकर्ण म्हणून. पोटावर उशी बांधायचीसुद्धा गरज नाही, असं बसवणारे सर सगळ्यांदेखत म्हणतात आणि तोही हसतो. फार मोठ्याने हसतो. अशी पोरं वर्गातली विदूषक का होतात, यावर कुणी विचार करत नाही. दुसऱ्याने हसायच्या आत आपण हसवलं तर निदान वेळ आपण ठरवलेली असते.

लोकांना वाटतं, लाज वाटली की पोरगं सुधारेल. लाज वाटली की पोरगं लपून खातं. माझ्या वर्गातल्या एकाच्या कंपासपेटीत पट्टी-पेन्सिलऐवजी चुरा झालेली क्रीमची बिस्किटं निघाली होती. भूक ही इच्छाशक्तीची परीक्षा नाही, हे विज्ञानाने १९९७ मध्येच दाखवून दिलं. केंब्रिजच्या संशोधकांना पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातली दोन मुलं सापडली, लहानपणापासून प्रचंड लठ्ठ, कितीही खाल्लं तरी उपाशी. त्यांच्या शरीरात लेप्टिन हे ‘पोट भरलं’ सांगणारं संप्रेरक तयारच होत नव्हतं. इंजेक्शनने ते दिलं आणि भूक माणसांसारखी झाली. असा दोष फार फार दुर्मीळ असतो, माझ्या वर्गातल्या कुणात तो असेल असं नाही. पण तोवर त्या मुलांनाही कुणीतरी ‘खादाड’ म्हटलंच असणार.

तर मानेवाल्या मुलाकडे परत. बालरोगतज्ज्ञांनी रक्त तपासलं. साखर मधुमेहाच्या उंबरठ्याखाली, पण काठावर. त्यांनी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०१५ चा तक्ता काढला. तो पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी बसवलेला. त्यात आपल्या मुलांसाठी जास्त वजनाची आणि लठ्ठपणाची रेघ खाली ओढलीय: प्रौढांच्या बॉडी मास इंडेक्सच्या भाषेत २५ आणि ३० ऐवजी २३ आणि २७. कारण तेच, तेवढ्याच वजनात आपल्याकडे चरबी जास्त. आईला वाटलं आता पोराला उपाशी ठेवायला सांगतील. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवायच्या मागे लागू नका, आहे तिथे थांबवा. उंची वाढेल तसा हिशेब जुळत जाईल. दुधातली पावडर आणि साखर बंद, घासाबरोबरचा मोबाइल बंद, रोज खेळायला खाली. आणि घरातल्या सगळ्यांनी एकच जेवण जेवायचं, पोराचं ताट वेगळं काढायचं नाही.

सगळं झालं असं नाही. खाली खेळायला जागा नाही, म्हणून तो आजीबरोबर भाजी आणायला चालत जातो. तूप-साखरेच्या पोळीवर आजी अडून बसली होती. मी तिला म्हटलं, “आजी, शेंगदाण्याची चटणी नि ज्वारीची भाकरी तुम्हीच करता ना, ती द्या की डब्यात.” तर म्हणाली, “भाकरी? शाळंत? पोरं हसतील त्याला.” इतक्या वर्षांच्या शिक्षणाने आपण काय शिकवलंय, ते तिने दोन शब्दांत सांगितलं. शेवटी भाकरी आली, ती स्टीलच्या डब्यात दोन थरांखाली लपून. काही आठवड्यांनी शेजारचा पोरगा चटणी मागायला लागला, तेव्हा ती वर आली. वज्री मात्र आजीने स्वतः बाथरूममधून काढून टाकली, असं आईने सांगितलं.

दिवाळीनंतर पाचवीच्या गणितात मोजमाप येतं. या वेळी मी सुतळीचा गुंडा आणला. प्रत्येकाने आपल्या उंचीएवढी सुतळी कापायची, ती मध्ये दुमडायची आणि बेंबीच्या पातळीवर कमरेभोवती गुंडाळायची. टोकं जुळली तर ठीक, नाही जुळली तर घरी सांगायचं. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, हा ठोकताळा मोठ्यांनाही चालतो. सगळ्यांनी एकदम मोजलं, ओरडायला कुणी मोकळा राहिला नाही. मग एका मुलीने विचारलं, “बाई, तुमची?” तास संपायला पाच मिनिटं होती, ती मी फार हुशारीने वापरली.

दुसऱ्या दिवशी क्रीडासाहित्याच्या खोलीतून तीस मीटरचा टेप काढला. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे: शाळेच्या आवारात आणि फाटकापासून कुठल्याही दिशेला ५० मीटरच्या आत मुलांना जास्त चरबी, साखर, मिठाचे पदार्थ विकायचे नाहीत, त्यांची जाहिरातही करायची नाही. तंबाखूला आपल्याकडे १०० यार्ड आहेत, याला ५० मीटर. तोही कुठे पाळलेला मी तरी पाहिला नाही. दुकानं बंद पाडायचा माझा विचार नव्हता. समोरच्या दुकानावर एक कुटुंब जगतं, त्यातली धाकटी आमच्याच शाळेत आहे. पण नियम मीटरमध्ये आहे आणि धडा मोजमापाचा, म्हणून पोरांना घेऊन बाहेर पडले.

फाटकापासून पहिलं दुकान १९ मीटरवर निघालं. पोरांनी वहीत लिहिलं. काउंटरवर माळांसारखी लोंबणारी पाकिटं, खाली शीतपेयांचा फ्रीज, बाजूला चिंचेच्या गोळ्यांची बरणी. दुकानदारकाका हाताची घडी घालून आमचा उद्योग बघत होते. रागावतील असं वाटलं होतं, पण ते खुशीत होते.

“मोजा बाई, मोजा,” म्हणाले. “पण दर शनिवारी तुमच्या स्टाफरूमला क्रीमरोल आणि खारी जाते माझ्याकडून. त्याचं मीटर कुठून धरायचं?”

पोरं माझ्याकडे बघायला लागली. कालची ती कंबर विचारणारी मुलगी तोवर टेपचं टोक धरून फाटकाच्या आत पोचली होती आणि तिथून ओरडून विचारत होती, “बाई, स्टाफरूमच्या दारापर्यंत की टेबलापर्यंत?”